सतरा नंबरची सही

कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात, मोठ्या पडद्यावर, माझी बायको चाळीस जणांत पहिली आली. तेव्हा तिला जाऊन पाच महिने झाले होते.

निमंत्रण तिच्याच फोनवर आलं होतं. पुण्याच्या एका संस्थेतली समिधा नावाची मुलगी दोन वर्षं आमच्या भागात अभ्यास करत होती. किनाऱ्यावरची आणि डोंगराकडची माणसं मोबाईल कसा वापरतात, कोणाशी बोलतात, किती वेळ बोलतात, असा तो अभ्यास होता. काशीला वाचता येत नव्हतं म्हणून समिधाने निमंत्रण बोलून पाठवलं होतं. "मावशी, बुधवारी अकरा वाजता कोळगावला या. चहा-नाश्ता आहे. काकांनाही आणा."

काका गेला. मावशीला आणणं जमलं नाही.

माझ्यासोबत तानी होती. तानीचं घर आमच्या घराला लागून. ती आणि काशी पंचवीस वर्षं जोडीने सुकी मासळी विकत होत्या. अभ्यासात तानीचा नंबर अठरा आणि काशीचा सतरा. नावं गुप्त राहावीत म्हणून नंबर दिले होते. आमच्या गावात कोणाचा नंबर कोणता हे कुत्र्यालाही माहीत होतं.

समिधा माईकवर बोलत होती. पडद्यावर एक निळी रेघ आली. ती बराच वेळ आडवी जात होती आणि मग एकदम वर चढली होती.

"सहभागी क्रमांक सतरा," समिधा म्हणाली. "वय एकोणसाठ. औपचारिक शिक्षण नाही. ऑगस्टपर्यंत त्यांचा फोनचा वापर रोज साधारण पंचवीस मिनिटं होता. ऑगस्टनंतर तो रोज दोन तासांच्या वर गेला आहे. पहाटे साडेपाचला त्यांचा दिवस फोनवर सुरू होतो. संधी आणि आत्मविश्वास मिळाला तर या वयातली स्त्री केवढी झेप घेऊ शकते, हे आपल्याला इथे दिसतं."

पुढच्या रांगेतल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

तानी माझ्या उजव्या कानाशी आली. माझा डावा कान कारखान्याच्या बॉयलरने खाल्ला आहे, हे तिला ठाऊक आहे. "भावजी," ती म्हणाली, "काशी मेल्यावर लय सुधारली."

मीही टाळ्या वाजवल्या. हात मोकळे ठेवून बसलो असतो तर बरं दिसलं नसतं.

ते दोन तास माझे होते. समिधाने पहिल्या भेटीत काशीच्या फोनमध्ये एक मोजणीचं ॲप टाकलं होतं. ते फोन कधी उघडला, किती वेळ चालू राहिला, एवढंच मोजायचं. बोट कोणाचं हे त्याला कळत नव्हतं.

काशी श्रावणात गेली. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी दवाखाना, सहाव्या दिवशी घरी आणली. मुलगा हितेश बोईसरला कारखान्यात आहे, सालवडला राहतो. तो म्हणाला, "बाबा, आईचा नंबर बंद करून टाकू. उगाच कशाला चालू ठेवायचा?" मी म्हटलं, बघू. तो परत गेल्यावर मी तिचा फोन चार्जिंगला लावला.

पहाटे मला जाग येते. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं पहिल्या पाळीला गेलेल्या माणसाला दुसरं काही येत नाही. मी तिचा फोन उघडायचो आणि तिने गिऱ्हाइकांना पाठवलेले आवाज ऐकायचो. लिहिता येत नसल्यामुळे ती सगळं बोलूनच पाठवायची, त्यामुळे आवाज भरपूर होते. "जवळा चांगला हाय, उद्या पाठवते." "सोडे आज नाय, सोमवारी सांगते." "करंदी घ्या, बोंबील जरा थांबा." एक वर्षाचे आवाज, सगळे मासळीचे.

मला पाठवलेला एकही नव्हता. नसणारच. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कशाला पाठवतील? तिच्या फोनमध्ये माझा नंबरही नव्हता. तिने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाला एकेक मासळीचा फोटो लावून घेतला होता, ज्याला जे लागतं ते. भाग्यश्री बोंबील, शाळेतल्या बाई सोडे, दवाखान्यातली नर्स करंदी. समिधाला तिने जवळा लावला होता. बारीक आणि संपता संपत नाही, म्हणून. मी सगळी मासळी दोनदा पाहिली. त्यात मी कुठे नव्हतो.

आता बोंबलाच्या आवाजाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सुका बोंबील नीट वाळलेला असला की मोडताना कट असा आवाज येतो. आत ओल असली तर तो नुसता वाकतो, किंवा मऊ तुटतो. बोईसरच्या भाग्यश्रीला एकदा दुसऱ्या कोणीतरी ओला माल दिला आणि घरभर वास सुटला. तिने काशीला विचारलं, फोनवर मला कसं कळणार माल सुका आहे की नाही? काशीने फोनजवळ एक बोंबील धरला आणि मोडला. तो आवाज भाग्यश्रीने तिच्या सोसायटीतल्या बायकांना ऐकवला. तेव्हापासून काशीचा तो नियमच झाला. गिऱ्हाइकाने विचारलं की आधी बोंबील मोडायचा, मग बोलायचं. तिच्या बोंबलासारखा आवाज कोणाचाच येत नाही, असं बोईसरमध्ये बोललं जायचं. तानी चिडायची. "एकाच दोरीवर वाळवतो दोघी, एकाच उन्हात. हिचाच तेवढा गातो."

काशीच्या तेराव्याला दुपारी भाग्यश्रीचा आवाज आला. "काशीबाई, बोंबील आहेत का हो? दोन जुड्या हव्यात."

मी तिला सांगणार होतो. बटण दाबून फोन तोंडाशी धरला. तोंडातून काही येईना. बटणावरचं बोट काढलं असतं तर कोरा आवाज गेला असता. समोर उन्हाळ्यातल्या सुक्या मासळीचा डबा होता. मी त्यातला एक बोंबील काढला, मोडला आणि बोट उचललं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "बरं. वॉचमनकडे ठेवा."

तानी बोईसरला जातच होती. तिने दोन जुड्या नेऊन वॉचमनकडे ठेवल्या. पुढे तेच चालू राहिलं. कोणी विचारलं की मी बोंबील मोडायचो, तानी माल पोचवायची. मी खोटं बोललो असं कोणी म्हणू शकणार नाही. मी बोललोच नव्हतो. तानीला विचारलं, तू का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मना कोणी इचारलंच नाय. वॉचमन तर बिहारचा, तो म्हणतो, रख दो."

दिवाळीनंतर भाग्यश्री एकदा म्हणाली होती, "काशीबाई, हल्ली आवाज जरा मऊ येतो. तब्येत बरी आहे ना?" मी आणखी एक मोडून पाठवला होता.

सभागृहात समोसा आणि चहा होता. समिधा सगळ्यांना भेटत आमच्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता.

"काका, मावशी कुठे आहेत? मला त्यांना साहेबांना भेटवायचंय. साहेब विचारत होते."

"साहेबांना भेटायला तिला जमणार नाही," मी म्हणालो. "ती ऑगस्टमध्ये गेली."

तिला आधी कळलं नाही. "कुठे गेल्या?"

तानी म्हणाली, "बाय, वारली ती. तुझी रेघ वर गेली ना, त्याच दिसापासून."

समिधाने कप खाली ठेवला. ती काही रडली वगैरे नाही. खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "मला कोणी सांगितलं नाही."

"आम्हाला कोणी विचारलं नाही," मी म्हणालो. मग मी तिला पहाटेचं सांगितलं, बोंबलाचं सांगितलं. ती ऐकत होती. पडद्यावर अजून ती निळी रेघ तशीच होती.

"म्हणजे ते दोन तास..."

"माझे."

"आणि आत्मविश्वास..." ती म्हणाली आणि थांबली.

मला जे मागायचं होतं ते मी आता मागितलं. मागच्या जानेवारीत समिधा आमच्या घरी आली होती आणि दीड तास काशीशी बोलली होती. मध्ये एक छोटं यंत्र ठेवलं होतं. त्यात काशीचा दीड तासाचा आवाज होता. गिऱ्हाइकांशी बोललेला नाही, घरात बसून माणसाशी बोललेला. माझ्याकडे जे होतं त्यात सगळी मासळीच होती. ती दुसरं काही बोलताना मला ऐकायचं होतं. माझ्याबद्दल एखादा शब्द असला तर तोही. हे शेवटचं मी समिधाला सांगितलं नाही.

"काका, ते मला देता येत नाही," ती म्हणाली. "सहभागी माणूस जे बोलतो ते गुप्त असतं. नवऱ्यालाही ऐकवायचं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही, तसं वेगळं लिहिलेलं आहे."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खरंच बरोबर होतं. "मग त्या यंत्रातल्या आवाजाचं काय होतं?"

तिला सांगायचं नव्हतं असं दिसलं. "पुढच्या बुधवारी मला दुरुस्त अहवाल द्यायचा आहे. मावशी गेल्याचं त्यात लिहावं लागेल. गेलेल्या माणसाची फाईल पुसून टाकतात. ध्वनिमुद्रणासकट."

"कोणालाच मिळत नाही?"

"फक्त सहभागी व्यक्तीला. तिने तिच्या नोंदवलेल्या नंबरवरून मागितलं आणि सही जुळली, तर प्रत द्यावीच लागते. तो तिचा हक्क आहे."

तानी समोसा खाता खाता थांबली. माझ्याकडे बघितलं. मी समिधाकडे बघितलं. समिधा रिकाम्या कपाकडे बघत होती.

"मावशींची सही काय आहे, आठवतं का तुम्हाला?" ती हळू म्हणाली.

आठवत होतं. जानेवारीतल्या त्या भेटीत समिधाने काशीपुढे संमतीचा कागद धरला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. काशीने हात मागे घेतला. "अंगठा नाय देणार. अंगठा मेलेल्या माणसाचा घेतात, जमिनी लाटायला. आमच्या आज्याचा घेतला होता." समिधाने पुण्याला फोन लावला. तिथले सर म्हणाले, अंगठाच पाहिजे असं नाही, त्या बाईंची स्वतःची ओळखीची कुठलीही खूण चालेल, आवाजाचीही चालेल. काशी उठली, डब्यातला बोंबील घेऊन आत गेली, थोड्या वेळाने बाहेर आली आणि तिने तो यंत्रासमोर मोडला. "ही माझी सही. बोईसरात कोणालाबी इचार."

समिधाने तिच्या लॅपटॉपमध्ये तो कागद उघडला आणि मला वाचून दाखवला. "सहीऐवजी : नोंदवलेल्या नंबरवरून सुका बोंबील मोडल्याचा आवाज." ती थांबली. "बोंबील कोणी मोडायचा, ते लिहिलेलं नाही."

मग तिने लॅपटॉप बंद केला आणि सामान आवरायला गेली.

घरी येऊन मी बटण दाबलं, तानीच्या डब्यातला चांगला जाड बोंबील मोडला आणि काशीच्या नंबरवरून समिधाला पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, माझ्या नंबरवर.

"काका, सहभागी क्रमांक सतराची विनंती मिळाली," ती कार्यालयातल्या आवाजात म्हणाली. बाजूला माणसं असावीत. "पण सही जुळत नाही. सरांनी, मी आणि दोन सहकाऱ्यांनी ऐकली. मूळ आवाज मोठा आणि कोरडा आहे. हा मऊ आहे."

पुण्यात चार शिकलेली माणसं खोलीचं दार लावून बोंबील ऐकत होती. काशीला हे कळलं असतं तर तिने त्यांना माल विकला असता.

मी आणखी तीन पाठवले. शुक्रवारी एक, शनिवारी दोन. उन्हात तापवून पाठवला, पत्र्यावर ठेवून पाठवला. सगळे मऊ निघाले. जानेवारीची हवा, रात्री दव पडतं, डबा उघडला की ओल आत जाते. समिधा प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायची. "जुळत नाही, काका." शनिवारी ती हळू आवाजात म्हणाली, "सर म्हणतायत, सतरा नंबर इतक्या वेळा चुकतोय, तर घरी जाऊन खातरजमा करावी का?"

हितेश रविवारी आला. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आईचे जुने आवाज आहेत ना फोनमध्ये? एक दुसऱ्या फोनवर वाजवा आणि ह्यात भरा. दोन मिनिटांचं काम."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. शनिवारी मी तिचा एक जुना आवाज काढूनही ठेवला होता. पण हात पुढे जाईना. मी खोटी सही करायला तयार होतो. तिची चोरायला तयार नव्हतो. हितेशला यातला फरक समजला नाही, आणि मलाही तो समजावून सांगता आला नाही.

सोमवारी सकाळी तानी वलांडीवर बोंबील टांगत होती. आमच्याकडे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, तीच वलांडी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"तानी, तुझा माल ओला आहे."

ती वळली नाही. "पंचवीस वर्सं हेच ऐकतेय. आधी बायको बोलायची, आता नवरा."

"तिचा आवाज वेगळा कसा यायचा? दोरी एक, ऊन एक."

"बायकांच्या कामात बायको मेल्यावर डोकं घातलंत भावजी. जिती असताना वलांडीकडं फिरकला नाय कधी. वास येतो म्हणायचात. आणि तुमच्या अंगाला त्या कारखान्याचा कसला वास यायचा, ती कधी बोलली?"

तिने आणखी चार जोड्या टाकल्या.

"मी सांगितलं तर कोणाला सांगणार नाय?"

"कोणाला सांगू? माझ्याशी बोलतं कोण?"

तेव्हा ती वळली. "तवा," ती म्हणाली.

"काय तवा?"

"तव्यावर धरायची. गॅस बारीक, तवा कोमट, बोंबील उलटापालटा, शंभर मोजायचे. मग मोडायचा. मेलेला बोंबीलबी बोलतो. मना दोन वर्सांनी कळलं. मी म्हटलं, काशे, ही फसवणूक हाय. ती म्हणते, माल सुकाच हाय ना? मग फसवणूक कसली? लग्नात नवरीला पावडर लावतात, तशी."

काशी प्रत्येक वेळी बोंबील घेऊन आत का जायची, ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, तिला माझ्यासमोर फोनवर बोलायला लाज वाटते.

बोईसरची अर्धी कॉलनी ज्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवायची, तो तव्यावरचा होता. आणि पुण्याच्या संस्थेत तो सही म्हणून जपून ठेवलेला होता.

मी घरी येऊन गॅस बारीक केला. तवा ठेवला. एक बोंबील उलटापालटा करत शंभर मोजले. पहिला जळला. दुसऱ्याला ऐंशीच मोजले. बटण दाबून मोडला. आवाज माझ्या उजव्या कानाला नीट ऐकू आला, आणि खरं सांगायचं तर डाव्यालाही आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी समिधाचा फोन आला. "जुळली," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मंगळवारी काशीच्या फोनवर दीड तासाचा आवाज आला. बुधवारी समिधाने अहवालात काशी गेल्याचं लिहिलं आणि फाईल पुसली गेली.

मी तो आवाज मंगळवारी लावला नाही. बुधवारी पहाटे लावला.

पहिला एक तास बोंबील होता. समिधा विचारायची, तुम्ही फोन कधीपासून वापरता, आणि काशी सांगायची, बोंबील कधी येतो. समिधा विचारायची, फोनमुळे तुमच्या आयुष्यात काय बदललं, आणि काशी म्हणायची, पूर्वी बोईसरात दारोदार फिरायला लागायचं, आता वॉचमनकडे ठेवते. मी दीड तास मागून घेतला होता आणि त्यातला एक तास पुन्हा मासळीच निघाली. मी उठून चूळ भरून आलो. ती अजून जवळ्यावरच होती.

मग समिधाने विचारलं, "मावशी, तो मोडण्याचा आवाज खरा असतो ना?"

काशीचा आवाज खाली आला. "कोणाला सांगणार नाय ना, बाय? तव्यावर धरते. आमच्या ह्यांनाबी ठाव नाय."

"काका ऐकतील," समिधा म्हणाली. "ते दारामागे उभे आहेत."

"असू दे. त्यांचा डावा कान दाराकडं हाय."

हे खरं होतं. मी त्या दिवशी दारामागे उभा होतो. माझ्याबद्दल काय सांगते ते ऐकायला उभा होतो आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. मी तिथे खोकलो, तेही त्या आवाजात आहे.

समिधा म्हणाली, "तुमच्या फोनमध्ये काकांचा नंबर दिसत नाही. सेव्ह केला नाही?"

"कशाला? फोन लांबच्या माणसाशी बोलायला. ह्यांना काय फोन करायचा? हाक मारली की येतात. डाव्या बाजूनं मारली तर दोन येळा मारायला लागते."

"आणि ते कामावर असताना काही लागलं तर?"

"पाठ हाय ना नंबर. मना एकच नंबर पाठ हाय." आणि तिने माझा नंबर म्हणून दाखवला, दहाही आकडे, एकेक करून, दर वर्षी मीठ विकत घेताना पोती मोजायची तशा सुरात. मग ती मोठ्याने म्हणाली, "आवो, उभे हायेत तर चहा टाका. तीन कप. आवो."

दोनदा हाक मारली होती. मग माझ्या चपलांचा आवाज, लायटरचा, भांड्याचा. मला आठवतं, त्या दिवशी मी वैतागलो होतो. कामावरून येऊन उभ्या उभ्या ऐकायला आलो आणि चहा करायला लागला. उरलेलं सगळं रेकॉर्डिंग चहाचं आहे. समिधा म्हणते, छान झालाय. काशी म्हणते, साखर जास्त घालतात, सांगून उपयोग नाय.

मी तो भाग तीनदा लावला. मोजणीचं ॲप हितेशने रविवारी काढून टाकलं होतं, त्यामुळे ते कोणी मोजलं नाही.

महिन्याभराने समिधाने दुरुस्त अहवालाची गोष्ट बोलून पाठवली, माझ्या फोनवर. आता एकोणचाळीस सहभागी आहेत. सतरा नंबर वगळल्यावर किनाऱ्यावरच्या प्रौढ स्त्रियांचा वापर वाढलेला दिसत नाही, उलट थोडा घटलेला दिसतो. त्यामुळे निष्कर्ष बदलला. या वयातल्या स्त्रियांना संधी आणि आत्मविश्वास यांची गरज आहे, असं आता लिहिलं आहे. शेवटी ती म्हणाली, "काका, साखर खरंच जास्त होती."

तानीला मी हे ऐकवलं. ती म्हणाली, "एक बाई गेली तर सगळ्या किनाऱ्याचा वापर घटला. काशीला सांगायला पाहिजे होतं. फुगली असती."

त्याच आठवड्यात सकाळी काशीच्या फोनवर भाग्यश्रीचा आवाज आला. "काशीबाई, दोन जुड्या आहेत का? पाहुणे यायचेत."

मी बटण दाबलं. डबा समोरच होता. मी डब्याला हात लावला नाही.

"भाग्यश्रीताई," मी म्हणालो, "मी कमलाकांत पागधरे बोलतोय. काशीबाईंचा नवरा. काशीबाई ऑगस्टमध्ये गेल्या. तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं. इतके महिने तो आवाज मीच पाठवत होतो. बोंबील आहेत. तानीच्या वलांडीचे आहेत, चांगले आहेत."

बोट उचललं. तिने ऐकलं, हे फोनवर लगेच दिसलं. मग बराच वेळ काही आलं नाही. मी अंगण झाडलं. पाणी भरलं. मला वाटलं, आता हे गिऱ्हाईक गेलं, आणि गेलं तर बरोबरच आहे.

अकराच्या सुमाराला उत्तर आलं. आधी नुसता श्वास होता. मग ती म्हणाली, "काका, मला फार वाईट वाटलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा काशीबाई घरी आल्या होत्या, बोंबील न घेता. फक्त बसायला आल्या होत्या. मला कळलं असतं तर मी आले असते." मागे कुकरची शिट्टी झाली. "पाहुणे उद्या यायचेत हो. दोन जुड्या लागतीलच. पण तुम्ही तानीबाईंचा माल म्हणताय, म्हणून विचारते. राग मानू नका. एकदा आवाज ऐकवता का?"

मी गॅस बारीक केला आणि तवा ठेवला.